रग्बीतला ‘ट्राय’ आणि बर्केट

प्रश्न असा आहे: रेजिनल्ड बर्केट यांनी 1871 साली इंग्लंडसाठी पहिला ‘ट्राय’ केला, म्हणजे रग्बीत गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला. मराठीत त्याला ‘गोल’ म्हणावं की ‘प्रयत्न’? आणि बर्केट यांना रग्बीपटू म्हणावं की फुटबॉलपटू?

‘गोल’ तर मुळीच नको. ‘रग्बीत गोल मारला’ हे सारखं कानावर पडतं आणि दर वेळी चीड येते. 27 मार्च 1871 रोजी एडिंबरात रेबर्न प्लेसच्या मैदानावर रग्बीचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, इंग्लंड विरुद्ध स्कॉटलंड, दोन्हीकडे वीस-वीस गडी. बर्केटनी गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला आणि इंग्लंडच्या पदरात पडलं शून्य! चेंडू टेकवण्याला तेव्हा किंमतच नव्हती. त्यातून फक्त एक हक्क मिळायचा: चेंडू मागे आणायचा आणि आडव्या दांडीवरून लाथेने उडवून पाहायचा; तो वरून गेला तरच गोल. इंग्लंडची ती लाथ हुकली. स्कॉटलंडने दोनदा चेंडू टेकवला, त्यातली एक लाथ साधली, आणि तेवढ्यावर सामना त्यांचा झाला. म्हणजे मूळ शब्दप्रयोग ‘ट्राय ॲट गोल’; पुढे मागचे दोन शब्द गळाले.

आता ‘प्रयत्न’वाले. रेषा गाठण्याची धडपड म्हणजे ट्राय, असं काही जाणकार छातीठोक सांगतात. साफ चूक. धडपड संपते तेव्हा ट्राय मिळतो! इंग्रजीतला हा शब्द आला जुन्या फ्रेंच ‘त्रिये’वरून, आणि त्याचा अर्थ निवडणं, चाळून वेगळं काढणं. त्यावरून पारखणं, त्यावरून न्यायालयात खटला चालवणं. ‘ट्रायल’ त्याच घरचा. ‘धडपड करणं’ हा अर्थ त्यानंतरचा. माझं ठाम मत आहे की इंग्लंडमधल्या ज्या शाळेवरून खेळाला नाव मिळालं, त्या ‘रग्बी’ नावाच्या शाळेतल्या पोरांच्या तोंडी या शब्दात न्यायालयाचा वास होता: चेंडू टेकवला की तुमचं प्रकरण सुनावणीला आलं, निकाल लाथेनंतर. 1871 साली रग्बी युनियन या इंग्लंडमधल्या संघटनेची नियमावली लिहिली तीही याच शाळेच्या तीन माजी विद्यार्थ्यांनी, तिघेही वकील. म्हणूनच रग्बीत ‘रूल्स’ (नियम) म्हणत नाहीत, ‘लॉज’ (कायदे) म्हणतात, असं सांगितलं जातं. वकिलांच्या हातून हा शब्द टिकला यात मला तरी योगायोग दिसत नाही. गुणांचं पारडं नंतर पार फिरलं. 1992पासून ट्रायला 5 गुण आहेत आणि त्यानंतरच्या लाथेला 2. हक्क मोठा झाला, निकाल धाकटा! मराठीत सरळ ‘ट्राय’च लिहावं. ‘प्रयत्न’ लिहिलं की वाचकाला वाटतं, बर्केटना जमलं नाही.

राहिले बर्केट. 1849चा जन्म, क्लॅपहॅम रोव्हर्स हा क्लब. हा क्लब रग्बी आणि असोसिएशन (म्हणजे आजचा फुटबॉल) असा दोन्ही प्रकारचा फुटबॉल खेळायचा आणि रग्बी युनियनच्या 21 संस्थापक क्लबांपैकी एक होता. बर्केट इंग्लंडकडून रग्बीचे चार सामने खेळले. 1879मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंडने स्कॉटलंडला फुटबॉलमध्ये 5-4 असं हरवलं तेव्हा गोलरक्षक हेच, आणि 1880मध्ये एफ.ए. कप ही इंग्लंडमधली फुटबॉल स्पर्धा जिंकणाऱ्या संघाचे गोलरक्षकही हेच. ‘रग्बी सोडून फुटबॉलकडे वळले’ असं कृपा करून लिहू नका. त्या काळी दोन्ही खेळ फुटबॉलच, एक रग्बीच्या नियमांचा, दुसरा असोसिएशनच्या. त्यांना फुटबॉलपटू म्हटलं तरी चूक नाही. त्यांचे चिरंजीव जॉन बर्केट पुढे इंग्लंडच्या रग्बी संघाचे कर्णधार झाले. त्यांना मात्र रग्बीपटूच म्हणा.