आधी स्वयंपाकघर उपस

अगं, नवऱ्यापासून वेगळी झालीस, आता घर आवरायला घेशील; पण फोटोंच्या कपाटाला इतक्यात हात लावू नकोस. आधी स्वयंपाकघर उपस. मी वेगळी झाले तेव्हा माझ्या नवऱ्याचा तुटक्या कानाचा कप ओट्यावर तीन महिने होता. तो काढला, त्या सकाळी एका कपाचा चहा टाकताना हात थांबला नाही.

आपल्या इंदूरात कचरागाडी ६ प्रकारचा कचरा वेगळा घेते, म्हणून जुने चार्जर, औषधं, प्लास्टिक आदल्या रात्रीच निवडून ठेव. कागद मात्र रद्दीत घालू नकोस! लग्नाचा दाखला, दागिन्यांच्या पावत्या, पासबुकं एका फाइलीत लाव. संमतीने घटस्फोट घेतला तरी पहिल्या अर्जानंतर सहसा ६ महिने थांबावं लागतं, तोवर हे सगळं लागतं. बँकेत नॉमिनी बदल.

आणि पलंग हलव, उशी खिडकीकडे कर. मला झोप तिथेच लागायला लागली.