भरतीसाठी धावणाऱ्या मुलाच्या ई.सी.जी.त ‘ब्लॉक’ आला, तर धावणं थांबवावं का?

दादा, तुम्ही लिहिलंत की १९ वर्षांचा मुलगा पोलीस भरतीसाठी दोन वर्षं भाट्ये किनाऱ्यावर धावतोय, ई.सी.जी.त ठोके ४६ आणि ‘फर्स्ट डिग्री ए.व्ही. ब्लॉक’ आलाय, आणि घरचे म्हणतात धावणं बंद. मी रत्नागिरीत बरीच वर्षं ई.सी.जी. काढतोय. हा ‘ब्लॉक’ शब्द वाचून रडणारे आईबाप मी पाहिलेत, म्हणून आधी तेच सांगतो.

आपल्याकडे ब्लॉक म्हटलं की अँजिओप्लास्टी आठवते. हा तो ब्लॉक नव्हे. इथे रक्तवाहिनी कुठेच तुंबलेली नसते. वरच्या कप्प्यातला विजेचा इशारा खाली पोचायला जरा उशीर होतो, एवढंच. इशारा पोचायला लागणारा हा वेळ कागदावर अंतर म्हणून दिसतो, ते एरवी पाच बारीक चौकोनांपर्यंत असतं, म्हणजे २०० मिलिसेकंद. तुमच्या मुलाचं २४० आहे, म्हणजे फक्त एक चौकोन जास्त.

रोज दमसास वाढवणाऱ्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, आणि त्याला आवरून धरणाऱ्या व्हेगस नसेचा जोर विश्रांतीच्या वेळी वाढतो. म्हणून ठोके कमी पडतात, इशारा रेंगाळतो. सरावाने ठोके सुरू करणाऱ्या गाठीतही बदल होतो, हे २०१४ साली उंदरांवरच्या अभ्यासात दिसलं. यंत्राला मात्र समोरचा पोरगा धावपटू आहे हे कळत नाही, ते सरळ ‘ॲबनॉर्मल’ छापतं.

आमच्याकडे अशा मुलाला डॉक्टर दोन जिने चढून यायला सांगतात आणि मी लगेच दुसरा ई.सी.जी. काढतो. ठोके वाढले आणि ते अंतर आखडलं, की बहुतेक वेळा काळजी मिटते.

पण धावताना कधी चक्कर येऊन पडला असेल, छातीत दुखलं असेल, किंवा घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलं असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांना दाखवून इको (हृदयाची सोनोग्राफी) होईपर्यंत त्याला धावू देऊ नका. हृदयाची डावी बाजू दाखवणाऱ्या आलेखांत (लीडमध्ये) ठोक्याच्या शेवटची टी लाट उलटी असेल तरी तेच. ते सरावाने होत नाही. त्यात हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार लपलेला असू शकतो.

आणि हा कागद आजच झेरॉक्स करून ठेवा. त्यावरची रेघ उष्णतेने उमटलेली असते, आपल्या दमट हवेत फिकी पडते, आणि लॅमिनेशन केलंत तर अख्खा काळा होतो. पुढच्या ई.सी.जी.शी ताडून बघायला तो लागेल.