लेबलशिवाय रॅप करून पोट भरते का? आधी एका जुन्या करारनाम्याची गोष्ट

प्रश्न असा आहे : "मी पुण्यात राहतो, वय २२, मराठीत रॅप लिहितो. कोणत्याही म्युझिक कंपनीशी, म्हणजे लेबलशी, करार न करता, अंडरग्राउंड राहूनच पूर्णवेळ हेच काम करायचे आहे. किती श्रोते झाल्यावर नोकरी सोडावी?"

श्रोत्यांचा आकडा मी सांगणार नाही, कारण तो आकडा विचारणारे बहुतेक जण चुकीची वही उघडून बसलेले असतात. मला झोंबला तो "करार न करता" हा शब्दप्रयोग. आम्हीही अगदी हेच म्हणत असू, आणि म्हणता म्हणता एके दिवशी आठ पानी करारावर सही करून मोकळे झालो.

आम्ही दोघे होतो. कसब्यातल्या एका वाड्यात, माझ्यासोबत रॅप करणाऱ्या जोडीदाराच्या आजीच्या माजघरात, भिंतीला दोन गाद्या उभ्या लावून आणि डोक्यावरून रजई ओढून आम्ही रेकॉर्डिंग करत असू. माइक बुधवार पेठेतून घासाघीस करून आणलेला होता, आणि बीट, म्हणजे शब्दांमागचे संगीत, धायरीचा एक मुलगा करून देत असे. २०१६ च्या पावसाळ्यात त्या माजघरात आमचे सर्वांत चांगले गाणे झाले. वाडा पाडून इमारत उभी राहणार, भाडेकरूंना किती चौरस फूट मिळणार आणि आजीची तुळस कोणत्या मजल्यावर जाणार, असा त्याचा विषय होता. दुसऱ्या कडव्यात, मी श्वास घेतो नेमक्या त्या जागी, स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी ऐकू येते. ती ठेवायची की काढायची यावर आमचे दोन दिवस भांडण झाले. शेवटी ती राहिली, कारण रजईखाली घामाघूम होऊन सतरा वेळा म्हणूनही ते कडवे पुन्हा तसे उतरले नाही.

गाणे आम्ही कुठेही प्रसिद्ध केले नव्हते, केवळ व्हॉट्सॲपवर फिरत होते. डिसेंबरात एका कंपनीचा माणूस आम्हाला कॅम्पातल्या एका इराण्याकडे भेटला. बनमस्का त्याच्या खर्चाने झाला. गाण्याचे १५ हजार रुपये एकरकमी, आणि शंभराच्या स्टँप पेपरला टाचलेली इंग्रजी पाने. मी म्हटले, घरी नेऊन वाचू. जोडीदार म्हणाला, "कागद वाचत बसलो तर गाणी कधी करणार? आपण काय वाण्याचे दुकान काढले आहे?" त्या वाक्यावर आमचा वाद आजतागायत मिटलेला नाही. तथापि प्रामाणिकपणे सांगायचे तर सही मीही केली, आणि त्या कागदावर माझी सही त्याच्या सहीच्या वर आहे.

माझे मामा चाळीस वर्षे तमाशात ढोलकी वाजवत होते. पाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या तेथे येतात, सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचा सौदा, ठरते, इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, हातात पडतो आणि तारीख वहीत चढते, मग कोण कितीही मोठा कलावंत असो. मामांना इंग्रजी वाचता येत नव्हते. त्यांनी तो करार हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि एवढेच विचारले, "किती दिवसांसाठी दिलं? आणि ते वाजवणार कधी?" आठ पानांत या दोन्ही प्रश्नांची उत्तरे नव्हती.

कंपनीने आधी शिट्टी काढून पुन्हा रेकॉर्डिंग करून मागितले, मग फोन उचलणे बंद केले. गाणे कुठेही आले नाही. आम्ही मात्र ते एखाद्या कार्यक्रमात म्हणायलाही घाबरत होतो, कारण ते आता "त्यांचे" होते. २०१८ मध्ये जोडीदाराने रॅप सोडले. २०२१ मध्ये एका रविवारी धनकवडीतल्या माझ्या रेकॉर्डिंगच्या खोलीवर एक वकील आपल्या मुलीचा अभंग ध्वनिमुद्रित करून घेण्यासाठी आले. मुलगी आत गात असताना बाहेर बसून त्यांनी तो करार वाचला आणि कॉपीराइट कायद्याचे कलम १९ उघडून दाखवले. हक्क विकत घेणाऱ्याने ते वर्षभरात वापरलेच नाहीत, आणि करारात वेगळे काही ठरवलेले नसेल, तर ते हस्तांतरण रद्द झाले असे मानले जाते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर हक्क भारतापुरतेच गेले असे समजले जाते. म्हणजे डिसेंबर २०१७ मध्येच गाणे आमच्याकडे परत आले होते, आणि त्यानंतरची सुमारे चार वर्षे आम्ही आमच्याच गाण्यावर दुसऱ्याच्या वतीने पहारा देत बसलो होतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की "करार न करता" राहणे म्हणजे स्वतंत्र असणे नव्हे. करार तुम्हाला करावेच लागतील : बीट करणाऱ्याशी, जोडीने गाणाऱ्याशी, कॅफेवाल्याशी, गणेश मंडळाशी. बीट "विकत घेतली" असे मुले सांगतात तेव्हा बहुतेक वेळा ती भाड्याने घेतलेली असते. तीच बीट आणखी दहा जणांकडे असते, आणि त्यांतल्या एखाद्याने आपले गाणे यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे गाणी आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत, नोंदवले की तुमच्याच व्हिडिओवर दावा येऊन पडतो. २०१२ च्या दुरुस्तीपासून गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला कंपनीच्या बरोबरीचा वाटा कायद्याने राखलेला आहे, कंपनीला लिहून दिला तरी तो जात नाही. पण तो मागायला आयपीआरएसचे, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे, सभासद व्हावे लागते, आणि गाण्यात कोणाचा किती हिस्सा आहे हे ठरलेले असावे लागते. आम्ही ते ठरवले नव्हते. धायरीच्या मुलाला दोन हजार रुपये दिले होते, कशाचे ते त्यालाही ठाऊक नव्हते आणि आम्हालाही.

तुमच्या वयाची मुले परदेशी उदाहरणे देतात, म्हणून त्यांविषयीही बोलतो. चान्स द रॅपरला लेबल नव्हते हे खरे. परंतु त्याचा २०१६ चा अल्बम पहिले दोन आठवडे फक्त आपल्याकडे ठेवण्यासाठी ॲपलने ५ लाख डॉलर मोजले होते, हे त्याने स्वतःच २०१७ मध्ये सांगितले. दोन आठवडे! मामांच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे होते. रॅपर निप्सी हसलने २०१३ मध्ये आपल्या मिक्सटेपच्या, म्हणजे गाण्यांच्या संग्रहाच्या, १,००० प्रती प्रत्येकी १०० डॉलरला विकल्या, त्यांतल्या १०० एकट्या जे-झीने घेतल्या. तरीही माझ्याकडे येणारी मुले ती जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतात, धंद्याची म्हणून सांगत नाहीत. रॅपर टेक नाइनने १९९९ मध्ये कॅन्सस सिटीत भागीदारासह स्वतःची कंपनी काढली. न्यूयॉर्क नाही, लॉस एंजेलिस नाही, आणि गाडी चालली ती दौऱ्यांवर. मला सर्वांत जवळचा वाटतो तो पर्सी पी. तो न्यूयॉर्कच्या फॅट बीट्स या रेकॉर्डच्या दुकानाबाहेर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःच्या सीडी विकत असे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून रॅप करणाऱ्या या माणसाचा स्टोन्स थ्रो या लेबलवरचा अल्बम आला तो २००७ मध्ये. अंडरग्राउंड कारकीर्द बहुधा अशी असते, आणि तिच्यात मला तरी काही लाजिरवाणे दिसत नाही.

इथल्या उदाहरणाबद्दल थोडक्यातच लिहितो. ताडीवाला रोडच्या रॅपर एमसी स्टॅनने फेब्रुवारी २०२३ मध्ये बिग बॉसचा सोळावा हंगाम जिंकला, तेव्हापासून माझ्या खोलीवर येणारी मुले मायकासमोर उभी राहण्याआधी गळ्यातली साखळी नीट करतात. त्याचा मला आनंदच आहे, आपल्या पुण्याचा मुलगा आहे. पण टीव्हीवरच्या विजयावरून महिन्याचा हिशेब मांडता येत नाही.

नोकरीचे सांगायचे तर मी भोसरीच्या कारखान्यातली नोकरी ऑक्टोबर २०१९ मध्ये सोडली. हातात अकरा सुपाऱ्या होत्या, त्यांपैकी नवांचा इसार मी मागितलाच नव्हता, कारण मित्रांकडे इसार कसा मागायचा असे मला वाटले. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. दोघांनी इसार दिला होता, त्यांपैकी एकाने तो परत मागितला नाही, आणि तेवढ्यावर आमच्या घरात दीड महिन्याचा किराणा आला. कारखाना सुरू झाल्यावर मी त्याच गेटमधून पुन्हा आत गेलो. आजही पहिल्या पाळीला जातो आणि साडेचारला खोली उघडतो. खोलीचे भाडे रेकॉर्डिंगला येणाऱ्या मुलांकडून सुटते, सुपाऱ्यांचे पैसे वर उरतात, आणि ऐकण्याचे पैसे, म्हणजे ज्यांचा आकडा तुम्ही विचारत आहात ते, चहाला पुरतात. स्पॉटिफाय तर २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याला काहीच देत नाही.

जोडीदाराचे म्हणणे असे होते की हिशेब मांडू लागलेला रॅपर लिहिण्यातून उठतो. मला ते तेव्हाही पटले नाही. ज्या वर्षी आम्ही हिशेब ठेवला नाही, त्या वर्षी आम्ही नवे काही लिहिलेही नाही, कारण सगळी शक्ती एकमेकांना दोष देण्यात गेली. तुम्ही जोडीने काम करत असाल तर आज रात्रीच साध्या कागदावर, मराठीत, प्रत्येक गाण्याखाली टक्के लिहा आणि सर्वांच्या सह्या घ्या. ज्याला याचा राग येईल, त्याला राग पुढे कधीतरी येणारच होता.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. मी वकील नाही, तुमच्या करारात "वेगळे ठरवलेले" काही असेल तर वर सांगितलेले लागू पडणार नाही, म्हणून कागद वकिलाला दाखवाच. सर्वच कंपन्या गाणी डांबून ठेवतात असेही नाही, माझ्या ओळखीच्या दोघांना नीट पैसे मिळतात. शिवाय तुमच्या घरात दुसरा पगार येत असेल आणि डोक्यावर कर्ज नसेल, तर बावीसाव्या वर्षी वर्षभर नोकरी सोडून पाहायला हरकत नाही. मी सोडली तेव्हा माझी मुलगी दोन वर्षांची होती.

ते गाणे आम्ही २०२१ च्या दिवाळीत प्रसिद्ध केले, शिट्टीसह. बीटचे मूळ ट्रॅक धायरीच्या मुलाच्या बंद पडलेल्या लॅपटॉपमधून काढायला त्या गाण्याच्या तोवरच्या कमाईपेक्षा अधिक खर्च आला. हिस्से आता तिघांत सारखे आहेत. गेल्या वर्षी त्याचे १,८३६ रुपये आले, म्हणजे प्रत्येकी ६१२. जोडीदाराचे मी त्याच्या खात्यावर पाठवले आणि सोबत हिशेबाचा फोटोही पाठवला. पैसे मिळाल्याचे त्याने कळवले नाही, पण दुसऱ्या दिवशी एका ओळीत विचारले की यूट्यूबचे यात धरले आहेत का. धरले नव्हते, ते राहून गेले होते.