बागींना फाशी का नाही? शिक्षेच्या सिद्धान्तांबद्दल

तू विचारलंयस की शिक्षेच्या चार सिद्धान्तांतला (सूड, दहशत, प्रतिबंध आणि सुधारणा) बरोबर कोणता, आणि आजोबा म्हणतात तसं 1972 च्या बागींना, म्हणजे चंबळच्या दरोडेखोरांना, फाशी न देणं हा अन्याय होता का. मी ग्वाल्हेरच्या कोर्टात तीस वर्षं फौजदारी वकिली केली, त्यावरून सांगतो.

आधी बागींचं. एप्रिल 1972 मध्ये चंबळ खोऱ्यातल्या जौऱ्याला जयप्रकाश नारायणांसमोर माधोसिंग, मोहरसिंग यांच्या टोळ्यांनी शस्त्रं ठेवली. आश्वासन फाशी न देण्याचं होतं, सोडून देण्याचं नव्हे. खटले चालले, शिक्षा झाल्या, बरेचजण मुंगावलीच्या खुल्या कारागृहात राहिले. सापडलो तर फाशी, नाहीतर पोलिसांची गोळी, हे ज्याला पक्कं ठाऊक, त्याला दहाव्या खुनाला नव्यानं कसली भीती? शिक्षेच्या भीतीनं गुन्हे थांबतात, हा दहशतीचा सिद्धान्त इथं संपतो. परतीची वाट दिसली तेव्हा बंदुका खाली आल्या. तरी ज्यांच्या घरची माणसं गेली, त्यांचं काय, हा आजोबांचा प्रश्न खरा आहे.

शिक्षेच्या आधी गुन्हा सिद्ध व्हावा लागतो, आणि त्याला बहुतेकदा कृत्याबरोबर वाईट हेतूही लागतो. दुसऱ्याचा मोबाइल आपला समजून खिशात टाकला तर ती चोरी नाही. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य तर कायद्यानं गुन्हाच नाही. घटनेचं कलम 20 सांगतं की कृत्याच्या वेळी जी शिक्षा होती, तिच्याहून जास्त देता येत नाही. हे पाठ असू दे.

माझ्याकडे एक एकोणीस वर्षांचा मुलगा होता. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात बांधकाम चाललेल्या घरातून त्यानं पितळी तोट्या काढून नेल्या. गुन्हा कबूल होता. 1958 च्या प्रोबेशनच्या (तुरुंगाऐवजी अटींवर सोडण्याच्या) कायद्यात, जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर एकविसाखालच्याला तुरुंगात धाडण्याआधी कोर्टाला कारणं लिहावी लागतात. मुलगा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सुटला. त्याच्या आईनं जामीनदार म्हणून अंगठा उठवला, निळी शाई पदराला पुसली, आणि मला वाटलं, न्याय झाला. बाहेर फिर्यादीनं मला गाठलं. "वकीलसाहेब, मुलगा सुधारेल, चांगलं आहे. पण माझ्या तोट्या?" मी निरुत्तर झालो. त्याच कायद्याच्या कलम 5 मध्ये भरपाईचा आदेश देता येतो. मी आरोपीचा वकील, तो मागणं माझं काम नव्हतं, पण दुसऱ्या कुणीही तो मागितला नव्हता.

जुन्या दंड संहितेच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. पाच हजारांहून कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. ही तरतूद मला मनापासून पटते, कारण तिच्यात सुधारणेच्या आधी फिर्यादीचा माल येतो.

म्हणून एकच सिद्धान्त निवडू नकोस. सराईत दरोडेखोराला समाजापासून दूर ठेवावंच लागतं, तोट्या चोरणाऱ्या पोराला नाही. परीक्षेत 'तुमच्या मते' असा प्रश्न आला तर चार सिद्धान्तांना थोडी कमी जागा दे, आणि फिर्यादीला काय मिळालं यावर निदान अर्धं पान लिही.