रेनेसाँस वास्तुकला शिकायचीय? आधी एक ओसरी बघा

रेनेसाँस म्हणजे युरोपातलं प्रबोधन. त्याची वास्तुकला शिकायला इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या (मुख्य चर्चच्या) घुमटापासून सुरुवात करू का, असं विचारलंत. माझं ऐका, घुमट जरा मागे ठेवा. आधी फ्लॉरेन्सच्या जुन्या अनाथाश्रमाची ओसरी बघा. वास्तुकार ब्रुनेलेस्कीची ही इमारत १४१९ मध्ये सुरू झाली. फोटो मोठा करा आणि मापं ताडून बघा: खांबाची उंची, दोन खांबांमधलं अंतर, ओसरीची खोली, तिन्ही जवळपास सारखी. म्हणजे प्रत्येक खण एक घन! करड्या दगडाचे सडपातळ खांब, वर अर्धगोल कमानी, मागे पांढरी भिंत. मी अजूनही तिथे रेंगाळतो.

खांबांच्या माथ्यावरची कोरीव पानं रोमन वळणाची. पण सगळं थेट रोमहून आलं असं मानू नका. फ्लॉरेन्सचं अष्टकोनी बाप्तिस्मागृह मध्ययुगातलं, तरी तिथले लोक त्याला प्राचीन रोमन देऊळच समजत. म्हणजे घराशेजारचा वारसाही त्यांनी 'प्राचीन' म्हणूनच गिरवला.

मग पँथिऑन, रोममधलं प्राचीन देऊळ. त्याचा घुमट काँक्रीटचा, सुमारे ४३ मीटर रुंद. ब्रुनेलेस्कीचा फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलवरचा, १४२० ते १४३६ मधला, मुख्यतः विटांचा आणि दुहेरी कवचाचा. दोघांचे उभे छेद शेजारी ठेवून स्वतः काढा. प्राचीन रोमन वास्तुकार विट्रुव्हियसचा ग्रंथ त्यानंतर वाचायला घ्या.