दुकानात महागडा प्रीअँप ऐकून पारखायचा कसा?

प्रीअँप म्हणजे गाणं वाजवणारं यंत्र आणि स्पीकर चालवणारा पॉवर अँप यांच्या मधला डबा; आवाजाचा नॉब यावरच असतो. दोन प्रीअँप आळीपाळीने ऐकताना आधी दोघांच्या आवाजाची पातळी जुळवून घ्या, बाकी सगळं नंतर. दोघांतला एक अर्धा डेसिबल जरी मोठा वाजला, तरी कानाला तोच ‘खुललेला’ वाटतो. १ किलोहर्ट्झचा टोन (एकसारखा सूर) लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने व्होल्टेज सारखं करायचं. विक्रेता कुरकुरेल, कुरकुरू दे. पॉवर अँप आणि स्पीकर मात्र घरच्यासारखेच मागा.

गाणं आपलं, पाठ असलेलं न्या. मी तानपुरा ऐकतो: जवारी (तारेची ती झणझणती गुंजन) मोकळी वाजते की नुसती भुणभुण होते? मग गाणं थांबवून ट्वीटरला (स्पीकरमधल्या बारीक, उंच आवाजाच्या भागाला) कान लावा, हिस, म्हणजे मागची ‘स्स्स’ अशी खरखर, कळेल. शेवटी गाणं पुन्हा लावून नॉब अगदी खाली आणा; गायक मधून एका बाजूला सरकला, तर व्हॉल्यूम कंट्रोलचे डावा-उजवा असे दोन चॅनेल जुळत नाहीत. एवढ्या किमतीत हे चालवून घेऊ नका.