जुन्या घडणीची सिंगल ॲक्शन सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलं काही नेमबाजांना अजूनही का आवडतात?

तुम्ही विचारलंय की आज प्लॅस्टिकच्या सांगाड्याची, हलकी, सतरा गोळ्या मावणारी, सेफ्टीची वेगळी कळ नसलेली पिस्तुलं मिळत असताना शंभर वर्षांपूर्वीच्या आराखड्याला लोक का चिकटून आहेत, आणि हे निव्वळ जुन्याचं प्रेम आहे का.

जुन्याचं प्रेम थोडंफार असतंच, पण खरं कारण ट्रिगर आहे. मी सैन्यात आर्मरर होतो, म्हणजे हत्यारं तपासणं आणि दुरुस्त करणं हेच काम. आता गोव्यात डिचोलीत राहतो आणि नेमबाजी शिकणाऱ्या मुलांना रेंजवर मदत करतो. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर दोन्ही बाजूंनी येतो: हत्याराच्या पोटात काय चाललंय तेही दिसतं, आणि कागदावर भोकं कुठे पडतात तेही.

सिंगल ॲक्शन म्हणजे काय, हे शेजारच्या सत्तरी तालुक्यातून येणाऱ्या मुलांना फार समजावून सांगावं लागत नाही. तिकडे रानडुकरांपासून शेत राखायला परवान्यावर घेतलेली ठासणीची किंवा एकनळी बंदूक पुष्कळ घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिचा घोडा आधी अंगठ्याने मागे ओढून ठेवायचा. चाप, म्हणजे ट्रिगर, तो घोडा फक्त सोडतो, दुसरं काही करत नाही. हीच सिंगल ॲक्शन. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात पहिल्या वेळी स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, मागे ओढली की घोडा, म्हणजे हॅमर, चढतो. त्यानंतर प्रत्येक गोळीच्या धक्क्याने स्लाइड मागे जाते आणि तीच हॅमर पुन्हा चढवून ठेवते. बोटाकडे काम एकच राहतं, चढलेला हॅमर सोडायचं.

डबल ॲक्शनमध्ये ट्रिगर हॅमर चढवतो आणि सोडतोही. विहिरीतून भरलेली बादली ओढायची आणि तोच ओढ न थांबवता, थेंब न सांडता, ती कळशीत रिकामी करायची, तसं ते आहे. ताकदीचं काम आणि नाजूक काम एकाच हालचालीत. साधारण पाच किलोचा लांबलचक ओढ, आणि त्याच्या अगदी शेवटच्या टोकाला नेम स्थिर हवा. शिवाय बहुतेक डबल ॲक्शन सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांत पहिल्या गोळीनंतर स्लाइडने हॅमर चढवलेला असतो, म्हणून दुसऱ्या गोळीला तोच ट्रिगर दोन किलोच्या आसपास येतो आणि जेमतेम हलतो. पहिली गोळी एका पिस्तुलाची आणि दुसरी दुसऱ्याच पिस्तुलाची असल्यासारखं वाटतं. १९८२ साली आलेल्या ग्लॉक १७ ने आणि तिच्या मागून आलेल्या स्ट्रायकरवाल्या पिस्तुलांनी हा प्रश्न सोडवला. त्यांत हॅमरऐवजी स्ट्रायकर, म्हणजे स्प्रिंगवर सरळ पुढे जाऊन काडतुसावर आपटणारी कांडी, असतो; तो अर्धवट ताणलेला असतो, उरलेला ताण ट्रिगर पुरा करतो आणि प्रत्येक ओढ सारखा येतो. ही मोठी सोय आहे आणि पोलिसदलांनी ती का उचलली हे मला पटतं. पण तो ओढ थोडा स्पंजासारखा लागतो. कुठे तुटणार ते बोटाला नेमकं कळत नाही.

आता याने फरक किती पडतो? आकडा मांडून बघू. एम १९११ या जुन्या सिंगल ॲक्शन पिस्तुलावर मागच्या आणि पुढच्या साइटमध्ये, म्हणजे नेम धरायच्या मागच्या खाचेत आणि पुढच्या खुणेत, साधारण १६५ मिलिमीटर अंतर असतं. लक्ष्य २५ मीटरवर आहे. ट्रिगर ओढताना पुढचा साइट, ज्याला आम्ही फोरसाइट म्हणतो, मागच्या खाचेत अर्धा मिलिमीटर बाजूला सरकला, तर गोळी लक्ष्यावर साधारण ७५ मिलिमीटर बाजूला लागते. आंतरराष्ट्रीय प्रिसिजन टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास ५० मिलिमीटर आहे आणि आठचा १५०. म्हणजे डोळ्याला दिसेल न दिसेल एवढ्या हलण्याने दहाची गोळी आठच्या कडेवर गेली. हे अर्धा मिलिमीटर हलवतो कोण? वारा नाही, बहुतेक वेळा नळीही नाही. हलवतं ते ट्रिगरवरचं बोट. नळीची अचूकता चांगल्या पिस्तुलात हाताच्या अचूकतेपेक्षा कितीतरी जास्त असते. म्हणून गुण वाढवायचे तर ट्रिगर छोटा, हलका आणि दर वेळी तसाच हवा.

यात 'जुनं' असं काही नाही, हे सांगताना मी मुलांना कोल्हापूरच्या राही सरनोबतचं उदाहरण देतो. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिने २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. या प्रकारात .२२ बोअरची, म्हणजे ०.२२ इंच व्यासाच्या नळीची, सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलं वापरतात, आणि पार्दिनी, वाल्थर, मोरिनी यांची त्यासाठीची पिस्तुलं सिंगल ॲक्शनच आहेत. हॅमर आत झाकलेला असतो म्हणून दिसत नाही, एवढंच. नियमाप्रमाणे ट्रिगर कमीत कमी १००० ग्रॅमचा हवा, आणि सगळे जण त्या मर्यादेच्या अगदी लगत ठेवतात. २५ मीटर स्टँडर्ड पिस्तुलात तर शेवटच्या फेऱ्यांत १० सेकंदांत पाच गोळ्या मारायच्या असतात. पाचही ओढ सारखे नसतील तर तिथे उभं राहण्यात अर्थ नाही. म्हणजे ज्याला आपण जुन्या घडणीचं म्हणतो, तेच तत्त्व आज ऑलिंपिकच्या रेंजवर उभं आहे.

लोकांच्या मनात 'क्लासिक' म्हटलं की दोन पिस्तुलं येतात, आणि दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस आहे: जॉन मोझेस ब्राउनिंग. त्याचं .४५ चं पिस्तूल, तेच एम १९११, अमेरिकी सैन्याने मार्च १९११ मध्ये स्वीकारलं. त्याआधीच्या चाचणीत ६,००० गोळ्या मारूनही ते एकदाही अडलं नाही. १९८५ मध्ये बेरेटाने त्याची जागा घेईपर्यंत ते तिथलं मुख्य पिस्तूल होतं. दुसरं हाय-पॉवर. ब्राउनिंग १९२६ मध्ये बेल्जियममध्ये वारला. ते काम एफएन कंपनीतल्या द्यूदोने सैव्ह याने पुरं केलं आणि १९३५ मध्ये पिस्तूल बाजारात आलं, ९ मिमी आणि मॅगझिनमध्ये १३ गोळ्या. त्या काळी सात-आठ गोळ्या म्हणजे पुष्कळ. आपल्या सैन्यात आणि पोलिसांत ज्याला 'पिस्टल ऑटो ९ एमएम १ए' म्हणतात ते याच हाय-पॉवरचं ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेलं रूप. माझ्या हातून सर्वांत जास्त गेलं ते हेच.

दोघांचे ट्रिगर मात्र एकसारखे नाहीत, आणि हा भाग मला मनापासून आवडतो. हॅमरच्या पायथ्याशी एक खाच असते आणि तिच्यात सिअर नावाच्या छोट्या तुकड्याचं टोक अडकलेलं असतं. दोन पोलादी कडा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास एकमेकींत गुंतलेल्या. सगळा खेळ तेवढ्या जागेत. एम १९११ चा ट्रिगर खिळीवर झुलत नाही, तो सरळ मागे सरकतो आणि जवळजवळ थेट सिअरला ढकलतो. मध्ये फार काही नाही. म्हणून चांगला कारागीर त्या कडा नीट बसवतो तेव्हा बोटाला आधी किंचित मोकळी चाल लागते, मग भिंत लागते आणि मग एकदम काच तुटावी तसा तो सुटतो. ज्याने हे एकदा अनुभवलं त्याला दुसरा ट्रिगर लगेच कळतो.

हाय-पॉवरमध्ये ट्रिगर वर एका दांडीला उचलतो, ती दांडी स्लाइडमधल्या दुसऱ्या दांडीला आणि ती खाली सिअरला दाबते. त्यात मॅगझिन सेफ्टीची भर: मॅगझिन काढलं की गोळी सुटू नये म्हणून ट्रिगरमागचा एक छोटा दट्ट्या मॅगझिनच्या पुढच्या भिंतीवर टेकलेला असतो आणि प्रत्येक ओढाला तिच्यावर घासतो. १ए हातात घेऊन ट्रिगर हळू ओढलात तर ती खरखर बोटात येते. मॅगझिनची ती भिंत वापराने गुळगुळीत झालेली पिस्तुलं नव्यापेक्षा चांगली चालतात, हे रोज हाताळणाऱ्या कुणालाही विचारा. ती सेफ्टी काढून टाकायचा सल्ला इंटरनेटवर सर्रास मिळतो. मी तो देणार नाही. ती कुणाचा तरी जीव वाचवण्यासाठी बसवलेली आहे.

सिंगल ॲक्शनचा फायदा खरा आहे याचा आणखी एक पुरावा स्पर्धांच्या नियमांतच आहे. इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशनच्या प्रॉडक्शन विभागात फक्त सिंगल ॲक्शन असलेली पिस्तुलं चालत नाहीत. एम १९११ सारख्यांसाठी क्लासिक नावाचा वेगळा विभाग आहे. फरक पडतच नसता तर दोघांना वेगळं काढायची गरज नव्हती.

बाकीची कारणं दुय्यम, पण खोटी नाहीत. एम १९११ चं वजन रिकामं असताना सुमारे १.१ किलो आहे, ग्लॉक १७ त्याच्या साधारण दोन-तृतीयांशच भरते. रेंजवर हे पोलादी वजन धक्का गिळतं आणि पुढच्या गोळीला फोरसाइट लवकर जागेवर येतो. गोळ्यांची एकच रांग असल्याने मूठ अरुंद राहते, त्यामुळे लहान पंजाच्या मुलींच्या हातात ती पुष्कळ जाड पिस्तुलांपेक्षा बरी बसते. आणि हो, घडलेलं पोलाद हातात घ्यायला छान वाटतं. त्यात वावगं काही नाही.

आता दुसरी बाजू, कारण तुम्ही घ्यायचा विचार करत असाल असं प्रश्नावरून वाटतं. हलका, छोटा ट्रिगर चुकीला माफी देत नाही. हॅमर चढलेला, चेंबरमध्ये गोळी आणि भरवसा अंगठ्याच्या सेफ्टीवर, ही अवस्था फक्त त्याच्यासाठी आहे ज्याचा अंगठा विचार न करता सेफ्टीवर जातो आणि ज्याचं बोट नेम धरेपर्यंत ट्रिगरच्या बाहेर सरळ राहतं. ती सवय सरावाने येते, पिस्तूल विकत घेऊन येत नाही. वर्षातून एकदा रेंजवर जाणाऱ्याला स्वसंरक्षणासाठी मी सिंगल ॲक्शन सुचवणार नाही. त्याला लांब ओढाचं रिव्हॉल्व्हर बरं. हाय-पॉवरचा हॅमर मोठ्या पंजाच्या माणसाच्या अंगठ्याच्या बेचक्यात चिमटा काढतो, हेही लक्षात असू द्या.

आणि आपल्याकडची हवा. समुद्रावरून येणारा खारा वारा, त्यात जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे ब्लूइंग केलेलं, म्हणजे वर निळसर-काळा रासायनिक थर दिलेलं, पोलाद किती टिकणार? हाताच्या घामाचे ठसे आधी गंजतात: स्लाइडच्या बाजूला, मुठीच्या पुढच्या पट्टीवर. रेंजवरून आल्यावर लगेच पुसून पातळ तेलाचा हात द्यायचा. चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून कपाटात टाकायचं नाही, चामडं ओल धरून ठेवतं आणि गंज आतून चढतो. प्लॅस्टिकवाल्यांना हा त्रास बराच कमी आहे, हे मान्य करायला हवं.

कायद्याचं थोडक्यात: .४५ आणि ९ मिमी सामान्य परवान्यावर मिळत नाहीत, ते प्रतिबंधित बोअर आहेत. .३२ मिळतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला जास्तीत जास्त दोनच हत्यारं ठेवता येतात, खेळाडूंसाठी वेगळ्या सवलती आहेत. १० मीटरची .१७७ एअर पिस्तूल २० ज्यूलच्या आतली असेल तर परवाना लागत नाही, आणि ट्रिगर शिकायला तिच्याइतकी चांगली शाळा नाही. त्यात नियमाने किमान ५०० ग्रॅमचा ट्रिगर असतो आणि चूक लगेच कागदावर दिसते.

माझ्या सांगण्यावर विसंबू नका, स्वतः करून बघा. रेंजवर कुणाकडे .३२ चं रिव्हॉल्व्हर असेल तर त्यांच्या देखरेखीखाली, सिलिंडर उघडून रिकामा असल्याची दोघांनी खात्री करून, डमी काडतुसं घालून ते सुरक्षित दिशेला धरा. आधी हॅमर अंगठ्याने चढवून ट्रिगर ओढा, मग तोच ट्रिगर न चढवता पूर्ण ओढा. एकाच हत्यारात दोन्ही प्रकार मिळतात म्हणून हा प्रयोग चांगला. नजर लक्ष्यावर नको, फोरसाइटवर ठेवा, आणि हॅमर पडतो त्या क्षणी फोरसाइट खाचेत कुठे होता ते बघा. दोन्ही वेळा काय दिसलं ते खाली कमेंटमध्ये लिहा, पुढचं त्यावरून सांगतो.